भेंडीची तार

मार्वेच्या धक्क्यावर मी रोजचंच सुरू केलं:
पलीकडे मनोरी, तीही मुंबईच,
तिथे ईस्ट इंडियन घरात जेवण,
बाटली मसाला, फुगे, मोयली,
माणशी बावीसशे, बोट धरून.
चौघांनी माना डोलावल्या.
ओडेलबाई तिवरांकडे बघत म्हणाल्या,
"आमच्याकडेही जमिनीचं असंच,
जमीन व्हायचं की पाणी, तिचं अजून ठरत नाही."
लुइझियाना.
मला नकाशात दाखवता आलं नसतं.

परपेतमावशीच्या ओट्यावर टोपली होती,
भेंडी, सकाळची, लव न गेलेली.
पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या ओलांडून
ओडेलबाई थेट चुलीपाशी.

"ती म्हणते, भेंडी चिरून तशीच रश्श्यात सोडायची."
"बुळबुळ होईल."
"ती म्हणते, बुळबुळच हवी."
मावशीनं माझ्याकडे पाहिलं,
नासलेल्या दुधाकडे बघतात तसं,
आणि बाजूला सरकली, वीतभर.

आधी तेलात मैदा.
ढवळत राहायचं, फक्त ढवळत राहायचं.
पांढरा, मग बदामी.
"झालं," मावशी.
"अजून," ओडेलबाई.
मग विटेचा, मग जुन्या तांब्याच्या पैशाचा.
"करपलं!"
"अजून."
पाऊण तास हात थांबला नाही
आणि त्या पाऊण तासात एवढंच कळलं:
आईचं स्वयंपाकघर वादळात गेलं, भिंतींसकट.
बिडाचं भांडं सापडलं तिसऱ्या गल्लीत, पालथं.
उचललं तर खाली
भाकरीएवढी कोरडी जमीन.
मी भाषांतर करताना 'कोरडी'पाशी अडलो.
मावशी म्हणाली, "कळलं. जाळ कमी कर जरा."

मग म्हणे पवित्र त्रयी हवी.
मावशीचा हात आपसूक कपाळाकडे गेला.
तसं नाही, मी म्हटलं,
कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी,
त्यांच्याकडे त्यालाच म्हणतात त्रयी.
"पिता आहे," मावशीनं कांदा पुढे केला,
"पुत्र आहे," मिरची,
"सेलरी मनोरीत कुठली?
कोथिंबिरीचे देठ घाल.
पवित्र आत्म्याला काय, कुठूनही येता येतं."
ओडेलबाई इतक्या हसल्या
की चष्म्यावर मैदा.

कोलंबी पडली, बोईटाच्या डोक्यांचं पाणी पडलं,
शेवटी भेंडी.
"गंबो म्हणजे भेंडीच," त्या म्हणाल्या.
"जहाजाच्या पोटात कोंबून आणलेल्या बायांचा शब्द.
बी पण आणलं म्हणतात, केसांत लपवून.
खरंखोटं मला माहीत नाही.
केस तेवढे हे."
आणि त्यांनी पिठाचाच हात डोक्याला लावला.

बाकीचे चौघे ओसरीवर विचारत होते
जेवायला किती वेळ.
मी नेहमीचं वाक्य फेकलं,
अस्सल चवीला घाई चालत नाही,
आणि पहिल्यांदा जीभ चावली:
कुठली अस्सल, कुणाची?

ओडेलबाई हात धुवायला गेल्या
तेवढ्यात मावशीनं बिअरच्या तपकिरी बाटलीचं बूच काढलं,
बाटली तळहातावर एकदाच आपटली,
रश्शात, ढवळलं, बूच बंद.
माझ्याकडे बघून: "काय?"
मी काय बोलणार.

भातावर वाढलं.
पहिला घास घेऊन ओडेलबाई बराच वेळ गप्प.
"माझ्या आईच्या टोपात कुणीतरी बोललंय."
मी सांगितलं.
मावशी ताटाकडे बघत म्हणाली,
"टोप माझा आहे, सांग तिला."
सांगितलं.
दुसऱ्यांदा वाढून घेताना त्या म्हणाल्या,
"बोलू दे."

परतीच्या बोटीत त्यांच्या मांडीवर ती बाटली,
जुन्या 'लोकसत्ता'त गुंडाळलेली,
विमानतळावर अडवतील की काय, मी काही बोललो नाही.
माझ्याकडे उरलेलं, स्टीलच्या डब्यात.

रात्री खोलीवर थंडच उघडला.
चमचा उचलला, तर तार,
डब्यापासून चमच्यापर्यंत बारीक, चकचकीत.
हात वर नेला. अजून वर.
खुर्चीवर उभा राहिलो.